आईला कुत्रा नको होता

माझी सगळी नोकरी पशुधन पर्यवेक्षक म्हणून झाली. पालघर तालुक्यातल्या गोठ्यांमधून लाळ-खुरकताच्या लशी टोचल्या, अडलेल्या गायी सोडवल्या, पोट फुगलेल्या बैलांसाठी रात्री-अपरात्री धावलो. त्यामुळे आईच्या स्मृतिभ्रंशावर प्राण्यांच्या सहवासाचा उपयोग होतो असं कानावर आलं, तेव्हा कुणाला काही विचारावं असं मला वाटलंच नाही. जनावरं मला कळत होती आणि आई तर माझीच होती.

आईचा त्रास दिवेलागणीला वाढायचा. "गाय अजून आली नाही," म्हणत ती उठायची आणि दाराची कडी काढायची. आम्ही कोळगावचे. आज जिथे जिल्हाधिकारी कार्यालय उभं आहे तो भाग दुग्धविकास खात्याच्या जमिनीचा होता आणि आमची गुरं त्या बाजूला चरायची. २०१४ साली पालघर जिल्हा झाला, २०२१ मध्ये मुख्यालयाच्या इमारती सुरू झाल्या. आईच्या मनातलं माळरान मात्र जसंच्या तसं होतं. तिकडे निघालेली आई पालघर-बोईसर रस्त्यावर पोचली असती, ऐन ट्रकच्या वर्दळीच्या वेळी. मी तिला हाताला धरून मागे आणायचो आणि सांगायचो, "आई, गाय विकली आपण. कधीच विकली." तिला ती बातमी दर वेळी नवीच असायची. ती रडायची. खरं बोलल्याचं समाधान मला मिळायचं आणि गाय गेल्याचं दुःख तिला रोज नव्याने भोगावं लागायचं. हे कितीतरी दिवस चाललं आणि ते मी चालवलं.

मग मी पिल्लू आणलं. लॅब्राडॉर, जेमतेम दोन महिन्यांचं. पिल्लू मांडीवर राहील, आईचं मन रमेल आणि मला संध्याकाळचा वेळ मोकळा मिळेल, असा माझा हिशेब होता. त्यातला शेवटचा भाग मी तेव्हा कुणाजवळ बोललो नाही.

सुरुवातीला सगळं ठीक दिसलं. एका संध्याकाळी मी अंगणात फोनवर बोलत होतो. आत आईने पिल्लाची मानगूट मुठीत घट्ट धरली होती. ती सोडायची कशी, हे तिला सुचत नसावं. पिल्लू केकाटलं आणि तिच्या मनगटाला चावलं. त्या वयात दात शिवशिवतात आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते. मी आत आलो तोवर पदर रक्ताने भरला होता. जखम साबणाने पंधरा मिनिटं धुतली. पिल्लाला रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात द्यायची म्हणून ती झालेली नव्हती. तेव्हा आईला इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स घ्यावा लागला. दर वेळी सुई पाहून ती मला विचारायची, "मी काय केलं रे?"

घाबरलेला कुत्रा जांभया देतो, ओठ चाटतो, तोंड फिरवतो. दवाखान्यातल्या टेबलावर हे मी आयुष्यभर पाहिलं. त्या पिल्लानेही चावण्याआधी ते केलं असणार. बघायला मी जागेवर नव्हतो.

आई पिल्लू विसरली, चावणंही विसरली. भीती तेवढी राहिली. मांडीवर गोधडी टाकली तरी ती पाय आखडून घ्यायची. पुढे माझ्या वाचनात आयोवा विद्यापीठाचा २०१४ सालचा अभ्यास आला. अल्झायमरच्या रुग्णांना सिनेमातले दुःखाचे आणि आनंदाचे प्रसंग दाखवले होते. प्रसंग आठवेनासे झाल्यावरही त्यांची भावना टिकून राहिली. मला त्यासाठी अभ्यासाची गरज नव्हती, आईचे आखडलेले पाय रोज समोर होते. पिल्लू मी भाच्याकडे दिलं. त्या बिचाऱ्याचाही यात काही दोष नव्हता.

जे आधी वाचायला हवं होतं ते नंतर वाचलं. २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने स्मृतिभ्रंशात प्राण्यांच्या सहवासाने काय फरक पडतो यावरच्या नऊ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत मिळून ३०५ रुग्ण होते. उदासी थोडी कमी होत असावी, एवढंच त्यातून निघालं. बाकी फायद्यांचा ठाम पुरावा नाही. मुंबईतल्या अॅनिमल एंजल्स फाउंडेशनसारख्या संस्था कुत्र्याला शिकवून तयार करतात आणि भेटीच्या वेळी त्याला सांभाळणारा माणूस सोबत असतो. म्हणजे रुग्ण, प्राणी आणि त्या दोघांवर लक्ष ठेवणारा, असे तिघे लागतात. मी त्यातला तिसरा वगळला होता, आणि तो तिसरा मीच होतो.

त्यानंतर एका संध्याकाळी आई गायीसाठी उठली, तेव्हा मी कडी काढली आणि तिच्याबरोबर बाहेर पडलो. गाय विकल्याचं बोललो नाही. "कुठली गं, डांगी का?" एवढंच विचारलं. शेजारच्या अंगणात शेळी बांधलेली होती. वहिनींना विचारून मी दावं हातात धरलं आणि आईला बाजेवर बसवलं. आईने आधी शेळीच्या कानामागे बोटं घातली. गोचीड शोधायची तिची जुनी सवय. अंगठा आणि तर्जनी केसांतून उलट्या दिशेने सावकाश सरकत होती. मग पोटाखाली हात घालून तिने कास चाचपली आणि मला म्हणाली, "हिला आंबोण कमी पडतंय. कोण बघतं हिला?" किती तरी दिवसांनी तिने मला दटावलं होतं. त्या संध्याकाळी आमची गाय कुठल्या बाजारातून आणली, पहिल्या वेताला काय झालं, हे मी प्रथमच ऐकलं. इतकी वर्षं गोठ्यांत वावरूनही आईच्या गोठ्याबद्दल मी तिला कधी विचारलं नव्हतं.

शेळीने आईचा आजार थांबला नाही. तिचं बोलणं पुढे कमी होत गेलं आणि मग बंद झालं. पिल्लाच्या नादात आणि खऱ्या-खोट्याच्या वादात गेलेले महिने तिच्या बोलत्या दिवसांतले होते. ते मला परत मिळाले नाहीत.

आता ओळखीतलं कुणी आई-वडिलांसाठी कुत्रा घ्यायचा म्हणून जात विचारायला येतं. मी त्यांना दोन गोष्टी विचारतो. उमेदीच्या वयात आई-वडिलांनी काय पाळलं होतं? आणि संध्याकाळी त्यांच्याजवळ कोण बसणार आहे? पहिल्याचं उत्तर बहुतेकांना येतं. दुसऱ्यावर बरेच जण गप्प होतात, मग मीही जात सांगत नाही.