काळ्या घोड्याच्या फुटपाथवर

मुंबईत एक जागा अशी आहे की तेथे घोडा नव्हता तेव्हाही लोक तिला काळा घोडाच म्हणत. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तेथून हलवून राणीच्या बागेत नेला. घोडा गेला, नाव राहिले. पुढे २०१७ साली नवा काळा घोडा आला, तोही स्वाराविना! अशा ठिकाणी चमत्कारिक चित्रांचा बाजार भरावा यात नवल ते काय?

हा बाजार जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर, फुटपाथवर भरतो. आत १९५२ पासून मोठमोठ्यांची प्रदर्शने होत आली. बाहेर चित्रकार स्वतःच आपला माल मांडून बसतो. ना दलाल, ना अडत्या.

गेल्या हिवाळ्यात मी आमच्या ढाणकीच्या मामांना तेथे घेऊन गेलो. ढाणकी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातले, उमरखेड तालुक्यातले गाव. जिल्हा यवतमाळ खरा, पण मुंबई गाठायची तर नांदेडहून रात्रीची गाडी सोयीची. मामा डोळे दाखवायला आले होते. डॉक्टरांचे काम अकरालाच आटोपले आणि उरलेला दिवस मोकळा सापडला.

एका तरुणाने मांडलेल्या चित्रांपाशी मामा थबकले. बशीत नांगरलेली होडी, छत्रीला फुटलेली पालवी, आणि एक पांढराशुभ्र बैल. त्याच्या पोटात भिंतीवरचे घड्याळ, काटे पाचावर.

"मास्तर, बैलाच्या पोटात घड्याळ कायले?"

मी घसा साफ केला. १९२४ साली पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेतोंने अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला, तेथपासून सुरुवात करण्याचा विचार होता. वर्गातली सवय! पण तो पोरगाच म्हणाला, "मामा, वैरणीची वेळ त्याला कोण सांगतं?"

मामा खदखदून हसले. "बराबर हाय! आमचा ढवळ्या पाचाच्या ठोक्याले हंबरते."

जाहीरनामा माझ्या घशातच राहिला. आणि का राहू नये? काट्याच्या टोकावर गावे वसविणाऱ्या कूट रचना आपल्याकडे भजनात पिढ्यान् पिढ्या गाइल्या जातात. अर्थ लागला नाही म्हणून कुणी टाळ खाली ठेवल्याचे ऐकिवात नाही. आमच्या नागावचे (तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले हो!) प्रभाकर बरवे घड्याळ, पान, पीस अशा रोजच्या वस्तू कोऱ्या अवकाशात अशा काही मांडीत की ओळखीची वस्तू अनोळखी होऊन जाई. त्यांचे 'कोरा कॅनव्हास' १९९० साली निघाले. चित्रांना बिचकणाऱ्या माझ्यासारख्या भाषेच्या माणसाने ते जरूर वाचावे.

"केवढ्याले?" मामांनी विचारले.

"चार हजार."

"भाव कोनं ठरवला?"

"मीच."

मामा गप्प झाले. पन्नास वर्षे ज्याने कापूस पिकवला आणि काट्यावर माल चढला की समोरच्याच्या तोंडाकडे पाहिले, त्याला हा एक शब्द किती दूरचा वाटला असेल! वांग्याच्या पावशेरासाठी घासाघीस करणारे मामा त्या दिवशी एक रुपयाही कमी करा म्हणाले नाहीत. उलट विचारते झाले, "अन् नाही खपलं, तं?"

"तर गुंडाळून घरी. मग उद्या पुन्हा." पोरगा हे हसत म्हणाला खरा, पण त्याच्या चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला मी पाहिला.

चार हजार मामांच्या खिशात नव्हते. त्याच बैलाचे पोस्टकार्डाएवढे चित्र होते, तीनशेचे. ते त्यांनी घेतले आणि गाडीत रात्रभर उशाखाली जपले.

यंदा पोळ्याला मी ढाणकीला गेलो. चित्र माजघरात लागले आहे. गोठ्यातल्या बैलांची पूजा झाल्यावर मामी आत आल्या आणि त्या बैलालाही त्यांनी कुंकू लावले. नेमके घड्याळाच्या काचेवर.