पूर्वजांच्या वाळवंटात

घोडनदी, रांजणगाव, कारेगाव या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी करणाऱ्या आपल्या कुटुंबांना मूळ गाव विचारले, तर एकच उत्तर मिळते, 'आम्ही मारवाडचे.' आजोबांना गावाचे नाव सांगता येते, वडील जिल्ह्यापर्यंत पोहोचतात आणि आमच्या पिढीकडे फक्त 'मारवाड' हा शब्द उरतो. आपण राजस्थानात जात नाही असे नाही. दर एक-दोन वर्षांनी संघाची बस निघते. नाकोडा, राणकपूर, ओसियां, जैसलमेर अशी यात्रा होते. दर्शन होते, भोजनशाळेत प्रसाद होतो आणि पुन्हा बसमध्ये बसून पुढचे तीर्थ गाठले जाते. या यात्रेचे पुण्य मोठेच आहे. परंतु ज्या मुलखातून आपले पूर्वज निघाले, तो मुलूख बसच्या खिडकीतून कळत नाही.

म्हणून यंदाच्या हिवाळ्यात कारेगावच्या आम्ही पाच मित्रांनी पाठीवर एकेक पिशवी घेऊन मारवाडची वाट धरली. तिघे दुकानात बसणारे, एक औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा आणि एक अजून शिकणारा. प्रवास रेल्वेने व साध्या बसने, मुक्काम धर्मशाळेत आणि जमेल तेथे पायी चालणे, एवढेच ठरले होते. घरी वडीलधाऱ्यांचा प्रश्न होता, 'गाडी आहे, ओळखी आहेत, मग हे ओझे पाठीवर कशासाठी?' त्याचे उत्तर निघताना आमच्यापाशी नव्हते. ते वाटेत मिळाले.

पहिला मुक्काम जोधपूर. राव जोधा यांनी १४५९ मध्ये वसवलेल्या या शहरात पाहुणा सर्वप्रथम मेहरानगडाकडे पाहतो. कातळातून वर आलेला तो गड भव्य आहे यात शंका नाही. पण गावात पायी हिंडू लागल्यावर आम्हाला गडापेक्षा पाण्याने अधिक थांबवले. गडाच्या पायथ्याशी राणीसर आणि पदमसर हे तलाव आहेत. जुन्या वस्तीत तूरजी का झालरा ही अठराव्या शतकातील पायऱ्यांची विहीर आहे. खाली खोल गेलेल्या पायऱ्यांच्या त्या रांगा पाहताना लक्षात येते की, पाणी वर असो वा तळाला गेलेले असो, शेवटच्या माणसालाही घागर भरता यावी असा तो हिशेब आहे. आपला शिरूर तालुकाही पर्जन्यछायेतला. टँकरची वाट पाहणे आपल्यालाही नवे नाही. मात्र मारवाडात पाणी साठवणे हे राजाइतकेच सावकाराचे, व्यापाऱ्याचे आणि घरातील स्त्रियांचेही काम मानले गेले. तलाव, टांके, बावडी बांधणे हा दानधर्माचा पहिला प्रकार होता.

जोधपूरपासून जवळच खेजडली गाव आहे. तेथे १७३० मध्ये खेजडीची झाडे वाचवण्यासाठी अमृतादेवीसह ३६३ बिष्णोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिल्याचे सांगितले जाते. खेजडी म्हणजे शमीच्या कुळातले झाड. त्याच्या शेंगा म्हणजेच सांगरी. पर्युषणात हिरवी भाजी वर्ज्य असते तेव्हा आपल्या घरी केर-सांगरी शिजते. ताटातली ती वाळलेली शेंग आणि तिच्यासाठी मान पुढे करणारी ती माणसे यांचा संबंध आम्हाला त्या झाडाखाली उभे राहिल्यावर प्रथमच जाणवला.

जोधपूरहून जैसलमेरकडे जाणारी रेल्वे ओसियांवरून जाते. ओसवाल समाजाचे नाव ज्या गावावरून आले, ते हे ओसियां. येथील महावीर मंदिर आठव्या शतकातले, प्रतिहार राजा वत्सराज याच्या काळातले. टेकडीवर सच्चियाय मातेचे मंदिर आहे. आचार्य रत्नप्रभसूरींच्या उपदेशाने येथील लोकांनी अहिंसाधर्म स्वीकारला आणि मातेपुढचे पशुबळी थांबले, अशी परंपरा आहे. एकेकाळी व्यापारी मार्गावरचे हे संपन्न नगर होते. आज बाजारपेठ लहान आहे. दर्शनाला आलेल्या मंडळींत चेन्नई, हैदराबाद, रायपूर, नाशिक अशी गावे ऐकू येत होती. एकाच गावातून निघालेली माणसे इतक्या दूर पांगली आणि अजूनही बाळाचे जावळ काढण्यासाठी, लग्नानंतर जोडीने पाया पडण्यासाठी तेथेच परत येतात.

पुढे फलोदी. फलोदीला बसचे प्रवासी फारसे थांबत नाहीत; आम्ही दोन दिवस राहिलो, ते शेजारच्या खीचनसाठी. खीचन हे ओसवाल व्यापाऱ्यांचे गाव. लाल दगडाच्या, कोरीव झरोक्यांच्या हवेल्या गल्लीगल्लीत उभ्या आहेत आणि त्यांतील बहुतेकांच्या दाराला कुलूप आहे. मालक दक्षिणेत किंवा पूर्वेकडे व्यापाराला गेले, तेथेच स्थिरावले. त्या कुलपांपुढून चालताना आम्ही पाचही जण गप्प होतो. असेच एखादे कुलूप आमच्या पणजोबांनीही कोठे तरी लावले असणार.

पण खीचनची ओळख या कुलपांनी होत नाही; ती पाखरांनी होते. मध्य आशियातून आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून हजारो कुरजां, म्हणजे आपल्याकडे ज्यांना कांड्या करकोचा म्हणतात ते पक्षी, थंडीत येथे उतरतात. गावाच्या कडेला कुंपण घातलेले चुग्गाघर आहे. तेथे रोज ज्वारी टाकली जाते. सकाळी आकाशात रांगा दिसू लागतात, मग आवाज इतका वाढतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. जैन कुटुंबांच्या पुढाकाराने ही प्रथा वाढली आणि बाहेरगावी गेलेली घरेही धान्यासाठी पैसे पाठवत राहिली. २०२५ मध्ये खीचनची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नोंद झाली. मारवाडी लोकगीतांत कुरजां ही परदेशी गेलेल्या पतीला निरोप पोहोचवणारी पाखरू-सखी आहे. घराचा मालक वर्षानुवर्षे येत नाही, पण त्याच्या पैशाची ज्वारी रोज सकाळी वेळेवर पडते. व्यापारानिमित्त गाव सोडले तरी गावाशी असलेला व्यवहार चालू ठेवता येतो, हे आम्ही तेथे पाहिले.

जैसलमेर हा या प्रवासाचा मध्यबिंदू. रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये लोद्रव्याहून राजधानी येथे आणली. वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या जागी एवढे वैभव उभे राहिले, ते उंटांच्या तांड्यांवर. सिंध आणि त्यापलीकडून येणारा माल येथे थांबे, जकात भरली जाई, हुंडी वटे. गुमानचंद पटवा यांच्या कुटुंबाने १८०५ पासून बांधलेल्या पाच हवेल्या त्या श्रीमंतीच्या खुणा आहेत. दगड लाकडासारखा कोरला आहे. पुढे मुंबई बंदराचा व्यापार वाढला, रेल्वे आल्या, तांड्यांची वाट ओस पडली आणि १९४७ मध्ये सीमा आखली गेल्यावर ती बंदच झाली. पटव्यांच्या हवेल्या आज तिकीट काढून पाहायच्या वस्तू आहेत.

त्याच गडावर जैन मंदिरांचा समूह आहे आणि संभवनाथ मंदिराच्या तळघरात पंधराव्या शतकात आचार्य जिनभद्रसूरींनी स्थापलेला ज्ञानभांडार आहे. येथे अकराव्या शतकापर्यंत मागे जाणाऱ्या ताडपत्री पोथ्या सांभाळल्या गेल्या. ताडाचे झाड या वाळूत होत नाही; ती पाने दूरवरून, व्यापाराच्याच वाटेने आली. पोथीच्या शेवटी ती कोणी लिहवून घेतली याची नोंद असते. त्यांत व्यापाऱ्यांची आणि त्यांच्या घरातील स्त्रियांचीही नावे आढळतात. १८७४ मध्ये गेओर्ग ब्यूलर हे जर्मन विद्वान हा भांडार पाहण्यासाठी येथवर आले. १९५० च्या सुमारास मुनी पुण्यविजयजी येथे दीर्घ काळ राहिले आणि त्यांनी पोथ्या नीट लावून त्यांची सूची तयार केली.

१८७४ हे साल ऐकताच मला आपल्याकडचे त्याच्या पुढचे साल आठवले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दख्खनचा उठाव सुरू झाला आणि शिरूर तालुक्यातही पसरला. शेतकऱ्यांच्या रोषाचा रोख मारवाडी आणि गुजर सावकारांकडच्या कर्जरोख्यांवर होता. ठिकठिकाणी ते हिसकावून जाळले गेले. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. हा इतिहास आपल्या घरांत क्वचितच सांगितला जातो, पण तो आपलाच आहे. एकाच सुमारास मारवाडच्या व्यापाऱ्यांनी लिहवलेले एक कागद पाहायला परदेशी विद्वान उंटावरून येत होते आणि दुसरे कागद गावकरी चावडीपुढे जाळत होते. फरक कागदाचा नव्हता. एका ठिकाणी संपत्ती गावाची झाली होती, दुसऱ्या ठिकाणी ती गावाकडून येत होती. पुढच्या काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी या मुलखात शाळा, पाणपोया, गोशाळा, दवाखाने यांना हात दिला. तो हात किती आवश्यक होता, हे जैसलमेरच्या तळघरात उभे राहिल्यावर उमगते.

गडाविषयी एक गोष्ट प्रवाशांनी ध्यानात ठेवावी. हा गड राहता आहे आणि २०१३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पूर्वी गडीसर तलावातून घागरींनी आणलेले पाणी मोजून वापरले जाई. नळ आले, गडावर हॉटेले झाली, पाण्याचा वापर वाढला आणि ते पाणी पायात मुरून बुरूज खचू लागले. म्हणून आम्ही मुक्काम गडाखाली केला आणि दर्शनाला वर चढून गेलो. पूर्वजांच्या ठेव्यावर आपल्या अंघोळीचे ओझे नको.

जवळच लोद्रवा आहे. तेथील पार्श्वनाथ मंदिर सतराव्या शतकात थाहरूशाह भणसाळी यांनी पुन्हा उभारले. त्या नगराची राजधानी गेली, वस्ती गेली. मंदिर उभे आहे. दुसऱ्या बाजूला पालीवाल ब्राह्मणांनी सोडलेले कुलधरा गाव आहे. त्यांची घरे पडली, पण पावसाचे वाहते पाणी बांध घालून अडवायचे आणि ओल धरलेल्या जमिनीत गहू-हरभरा पेरायचा, ही त्यांची खडीन पद्धत जैसलमेर भागात अजून चालते.

शेवटचे शहर बिकानेर, राव बिका यांनी १४८८ मध्ये वसवलेले. भांडाशाह ओसवालांचे सुमतिनाथ मंदिर पाहताना पुजारी पायात तूप ओतल्याची आख्यायिका सांगतात आणि ऐकणारा ओसवाल मनातल्या मनात तुपाचा भाव करतो! पण आमचे मन ओढले ते अगरचंद नाहटा यांच्या नावाने. १९११ मध्ये जन्मलेले नाहटाजी व्यापारी घराण्यातले, शालेय शिक्षण पाचवीपर्यंत. आसामकडचा कौटुंबिक व्यापार सांभाळून त्यांनी हजारो हस्तलिखिते जमवली आणि अभय जैन ग्रंथालय वाढवले. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. राजस्थानी साहित्याचा अभ्यासक आजही त्यांच्या संग्रहावाचून पुढे जात नाही. 'धंद्यातून वेळ मिळत नाही' हे वाक्य आमच्यापैकी तिघे रोज उच्चारतात. नाहटाजींचे नाव ऐकल्यानंतर दोन दिवस ते कोणीच उच्चारले नाही.

ज्या तरुणांना असा प्रवास करायचा असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. डिसेंबर-जानेवारीत जावे, रात्री कडाक्याची थंडी असते, म्हणून ओझे कमी पण एक जाड शाल हवीच. जोधपूर, ओसियां, फलोदी, जैसलमेर हा मार्ग एकाच रेल्वेवर आहे. चौविहार पाळणाऱ्यांनी तीर्थांवरील भोजनशाळांच्या वेळा आधी विचाराव्यात. अन्यत्र बाजरीचा सोगरा, गट्टे, मंगोडी सहज मिळतात. कांदा-लसूण नको हे मात्र सांगावे लागते. सोगरा म्हणजे आपली बाजरीची भाकरीच, थोडी जाड. शिरूरच्या कोरडवाहू रानातली बाजरी आणि मटकी मारवाडच्या ताटात भेटली, तेव्हा पूर्वजांनी स्थिरावण्यासाठी हाच मुलूख का निवडला असेल, याचा एक अंदाज आम्ही गमतीने बांधला.

आता घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर. ओझे पाठीवर घेतले की माणूस प्रत्येक वस्तूबद्दल विचारतो, ही खरोखर हवी का? आपले पूर्वज याच प्रश्नाने सुरुवात करून या मुलखात आले. आज कारेगावात औद्योगिक वसाहतीमुळे पैसा आला आहे, दुकानांवर मजले चढले आहेत, देशभरातून आलेले कामगार आपल्या खोल्यांत भाड्याने राहतात आणि आपल्याच दुकानातून शिधा नेतात. आपण पूर्वी जेथे होतो, तेथे आज ते आहेत. व्यापाराची वाट पुन्हा वळेल तेव्हा वळो; तांड्यांचीही वळली होती. हवेली तिकिटाला लागते, चुग्गाघर आणि ग्रंथभांडार मात्र चालू राहतात. आम्ही पाच जणांनी परतल्यावर प्रत्येकी ठरावीक रक्कम बाजूला काढण्यास आरंभ केला आहे. कामगारांच्या मुलांना संध्याकाळी बसून अभ्यास करता येईल अशी एक वाचनखोली कारेगावात सुरू करण्याचा संकल्प आहे. जागा एका मित्राच्या दुकानावरची आहे, कपाट दुसऱ्याच्या घरचे. ज्या वाचकांकडे शालेय पुस्तके पडून असतील, त्यांनी ती पोहोचती करावीत, एवढी नम्र विनंती.