पॉइंट पंधरा सीसी

परवा आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक आरएक्स-100 उभी दिसली. काळी, चकाचक, टाकीवर एक ओरखडा नाही. मालक जेमतेम पंचविशीचा, म्हणजे गाडी त्याच्यापेक्षा वयानं मोठी! (ही गाडी 1996 मध्येच बनायची बंद झाली.) मी सवयीनं विचारून गेलो, "कितवा बोअर चाललाय?" तो गोंधळला. मग हसून म्हणाला, "सर, आवाज ऐका ना!"

आवाज ऐकला. आणि डायरेक्ट धुळ्याला पोचलो.

2005 चा फेब्रुवारी. मी जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि माझा शाळेतला दोस्त गॅरेज चालवत होता. गॅरेज म्हणजे काय, तर वर पत्रा, खाली ऑइलनं काळी झालेली जमीन आणि भिंतीला टांगलेले पाने. एका शेतकऱ्यानं भंगारात काढलेली आरएक्स त्यानं उचलली आणि वर्षभर पैसे साठवत ती उभी केली. धुळ्याजवळ कापूस निघालेल्या एका शेतात मातीचा ट्रॅक करून शर्यत होणार होती. रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्यानं गुन्हा, म्हणून शेत. पाणी मारायला टँकर, कडेला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, बक्षीस पाच हजार. पाच हजारांत तेव्हा त्याचं दोन महिन्यांचं भाडं सुटत होतं.

आम्ही टेम्पोत गाडी बांधून एरंडोल, पारोळा करत सकाळी पोचलो. आयोजकांनी मला पाहिलं, इंजिनिअरिंगचा आहे हे कळलं आणि लगेच हातात कागद दिला. "तुम्हीच बसा ना स्क्रूटिनीला. आमच्याकडे कोणी वाचणारं नाही." कुठल्या तरी मोठ्या स्पर्धेच्या नियमावलीची झेरॉक्स होती ती, इंग्रजीत, अर्धी पुसट. आमच्या क्लासपुढे एकच ओळ: 100 सीसीपर्यंत, स्टॉक इंजिन.

वाचायला किती सोपी! पण या एका ओळीत टू-स्ट्रोक आरएक्स आणि फोर-स्ट्रोक स्प्लेंडर एकाच रांगेत उभ्या. एकीची ताकद अकरा अश्वशक्तीच्या आसपास, दुसरीची साडेसातच्या. मोठ्या जगालाही हे कोडं सुटायला वेळ लागलाय म्हणा. 2002 मध्ये मोटोजीपी सुरू झाली तेव्हा 500 सीसीच्या टू-स्ट्रोकसमोर 990 सीसीच्या फोर-स्ट्रोकना परवानगी द्यावी लागली होती. आमच्या शेतात तेवढा विचार कोण करतो? स्प्लेंडरवाले बिचारे हौसेनं आले होते.

खरी गोची "100" आणि "स्टॉक" या दोन शब्दांत होती. आरएक्सचा बोअर 50 मिलिमीटर, स्ट्रोकही 50. गणित केलं की 98 सीसी. पण जुन्या इंजिनचा सिलिंडर झिजतो. मग तो लेथवर घासून किंचित मोठा करतात आणि मोठा पिस्टन घालतात. याला रिबोअर म्हणतात. साइज पाव-पाव मिलिमीटरनं वाढत जाते. पहिल्या साइजला इंजिन होतं 99.16 सीसी. दुसऱ्या साइजला 100.15.

दोस्ताच्या गाडीचा हेड मीच काढायला लावला. पिस्टनवरचा कार्बन पेट्रोलच्या फडक्यानं पुसला आणि खाली आकडा दिसला. 50. म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा. म्हणजे दुसरी साइज. व्हर्नियर लावून बघितलं, तेच.

तो उकिडवा बसून माझ्याकडे बघत होता. "माप भो, मी काय चोरी करेल शे का?" चोरी नव्हतीच. भंगारातल्या गाडीचा सिलिंडर इतका ओरबाडलेला होता, की पहिल्या साइजला साफ होईना. नवा ब्लॉक घ्यायला पैसे नव्हते. रिबोअर ही गरिबाची दुरुस्ती असते हो, ट्यूनिंग नाही.

मला दुसरा अर्थ लावता आला असता. कंपनीच ओव्हरसाइज पिस्टन विकते, तर मग त्या पिस्टनचं इंजिन स्टॉक का नाही? जगात जुन्या गाड्यांच्या कितीतरी शर्यतींत झिजेपोटी रिबोअरची सवलत नियमातच लिहिलेली असते. पण हे मला नंतर कळलं. आणि अगदी खरं सांगायचं तर तेव्हा कळलं असतं तरी... भोवती पन्नास पोरं उभी होती, माझ्या हातात कॅल्क्युलेटर होता, आणि ज्याला बाद करायचं तो माझाच मित्र होता. त्याला सोडलं असतं तर लोक म्हणाले असते, जळगाववाल्यानं जळगाववाल्याला सोडलं. मला प्रामाणिक दिसायचं होतं.

"बाद," मी म्हणालो. पॉइंट पंधरा सीसीसाठी.

जी आरएक्स पहिली आली, तिचा ब्लॉक नवाकोरा होता. 98 सीसी, एकदम ओके. पण तिचा आवाज वेगळा होता, वरच्या आरपीएमला चिरत जाणारा. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्ट फायलीनं जरा वर घासला की सीसी तेवढेच राहतात आणि ताकद मात्र अशी वाढते, की माझ्या पॉइंट पंधराला कोणी हिशेबातही धरणार नाही. तपासायचं तर दोन नट काढून सायलेन्सर बाजूला करायचा आणि पोर्टमध्ये बोट फिरवायचं. पाच मिनिटांचं काम. त्या गाडीचा पोर्ट घासलेला होता की नाही, मला आजही माहीत नाही. मी बघितलंच नाही. कागदावर फक्त सीसी लिहिले होते, आणि मला मोजता येत होते तेही फक्त सीसीच.

परतीच्या वाटेवर पारोळ्याला टेम्पो थांबला. शेवभाजी मागवली. तो जेवला, मी नाही. त्यानं एक शब्दही बोलून दाखवला नाही, तेच जास्त लागलं. जूनमध्ये मला पुण्यात नोकरी लागली. मग फोन कमी झाले, मग दिवाळीचे मेसेज, मग तेही नाहीत.

गेल्या डिसेंबरात जळगावला गेलो होतो, भरीत खायच्या निमित्तानं. गॅरेज आता पक्कं झालंय, दोन पोरं हाताखाली आहेत. कोपऱ्यात तीच आरएक्स, ताडपत्रीखाली. मी म्हटलं, "अजून ठेवलीस?"

"चौथ्या साइजला गेली," तो म्हणाला. "51 चा पिस्टन. किती होतात रे सीसी?"

मी मोबाइल काढला. 102.14.

"बाद," तो म्हणाला आणि पोराला दोन चहा आणायला पाठवलं.