केंद्रकाचा निळा रंग

हिमॅटॉक्सिलिनने स्लाइड रंगवली की पेशीचे केंद्रक निळे दिसते. गुटखा खाणाऱ्याच्या गालातला तुकडा जालन्याहून आलेला असो की कुठूनही, पॅथॉलॉजिस्ट आधी त्या निळ्याकडेच पाहतो: रंग गडद झालाय का, कण जाडसर आहेत का. तो निळा म्हणजे क्रोमॅटिन, हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला सुमारे दोन मीटर डीएनए. त्याची बिघडलेली ठेवण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या रोगाची खूण मानत आलो. माझे म्हणणे असे, की काही कर्करोगांत बिघाडाची सुरुवातच या गुंडाळीत होते.

घट्ट गुंडाळलेले जनुक पेशीला वाचता येत नाही. ‘स्विच-स्निफ’ नावाचा प्रथिनसंच एटीपीची ऊर्जा खर्चून गुंडाळी सरकवतो आणि जनुक उघडे करतो. माणसाच्या साधारण वीस टक्के कर्करोगांत या संचातले एखादे जनुक बिघडलेले आढळते. 2013 मध्ये कल्याणीची राष्ट्रीय बायोमेडिकल जिनोमिक्स संस्था आणि खारघरचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र यांच्या संशोधकांनी गाल-हिरडीच्या कर्करोगाचा अभ्यास मांडला. आधी 50 रुग्ण, मग पडताळणीसाठी आणखी 60. वारंवार बिघडलेल्या जनुकांत ओळखीच्या टीपी53 बरोबर एआरआयडी2 आणि एमएलएल4 निघाली. पहिले स्विच-स्निफचाच घटक, दुसरे हिस्टोनवर रासायनिक खुणा करणारे. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या मराठवाड्याला हा शोध परका नाही.

कोणी म्हणेल, हीही शेवटी डीएनएतलीच चूक, मग नवे काय? उत्तर लहान मुलांच्या ऱ्हॅब्डॉइड ट्यूमरमध्ये आहे. 1998 मध्ये त्यात स्मार्कबी1 हे एकच जनुक हरवल्याचे कळले. बाकीचा जिनोम जवळजवळ स्वच्छ, तरी रोग अतिशय आक्रमक. चुका साचत जाण्याच्या हिशेबात हे बसत नाही. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: तंबाखूने शेकडो बदल घडवलेल्या तोंडाच्या कर्करोगात एआरआयडी2 हेच मूळ, असे कसे म्हणावे? तसे म्हणता येणार नाही, आणि मी म्हणतही नाही. पण वेगवेगळ्या रुग्णांत तीच मोजकी जनुके पुन्हा पुन्हा बिघडावीत, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही.

जिल्ह्याच्या पातळीवर याचा उपयोग काय, हेही विचारले जाते. स्मार्कबी1 च्या प्रथिनाची, म्हणजे आयएनआय1 ची तपासणी नेहमीच्या पॅराफिन ब्लॉकवरच होते: शेजारच्या लिम्फोसाइटचे केंद्रक तपकिरी, ट्यूमरचे कोरे. असे कोरे केंद्रक दाखवणाऱ्या एपिथेलिऑइड सार्कोमासाठी 2020 मध्ये अमेरिकेत टॅझेमेटोस्टॅट हे औषध मंजूर झाले. गालाच्या कर्करोगासाठी असे औषध अजून नाही. ते येईल तेव्हा आजचे ब्लॉक तपासणीसाठी पुन्हा काढावे लागतील, आणि ते तपासण्याजोगे राहिलेले असले पाहिजेत. म्हणून अंबडचा असो वा भोकरदनचा, तुकडा काढल्याबरोबर भरपूर बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे.