कावळ्याची अंघोळ

मराठीने कावळ्याइतका अन्याय क्वचितच दुसऱ्या पाखरावर केला असेल. वरवर उरकलेल्या स्नानाला आपण ‘कावळ्याची अंघोळ’ म्हणतो. लीळाचरित्रात चक्रधरांनी सांगितलेल्या गोष्टीतही शेणाचे घर त्याच्याच वाट्याला आले आहे, आणि तो ग्रंथ जिथे सिद्ध झाला ते ऋद्धपूर आमच्या अचलपूरच्याच जिल्ह्यातले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या वादळात अंगणातल्या कडुनिंबावरून पडलेले एक पिल्लू आमच्याकडे वाढले. पिंजरा कधी नव्हताच. पंख आल्यावर तो झाडावर राहायला गेला; पण दिवसातून दोनतीनदा ओसरीवर येतो. त्यामुळे एरवी दुरून दिसणारी ती चोच मला रोज न्याहाळता आली.

आत हाडाचा गाभा आणि वर केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे, आवरण अशी तिची घडण असते. हे आवरण जन्मभर वाढते आणि जन्मभर झिजते. बुडाशी केसांसारखी राठ पिसे पुढे वळून नाकपुड्या झाकतात. पिल्लू असताना तोंडाचा आतला भाग लालसर होता, तो वयाबरोबर काळवंडत गेला. खाणे आटोपले की स्वारी कठड्यावर चोच एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने घासते. विळ्याला धार लावावी तशी. या घासण्याने खरकटे निघते, शिवाय चोचीचा आकारही राखला जातो. अलास्कात १९९० च्या दशकात काही पक्ष्यांच्या चोची बेसुमार वाढू लागल्याचे आढळले, त्यांत कावळेही होते. अशा चोचीला पिसे साफ करता येत नाहीत. ती मळतात, चिकटतात, आणि थंडीत पक्षी गारठून मरू शकतो. चोच हे हत्यार आहे तसाच तो कंगवाही आहे.

आणि अंघोळ! परळातल्या पाण्यात डोके बुडवून, पंख फडफडवून तो चिंब होतो. मग शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतले तेल चोचीने घेऊन एकेक पीस बुडापासून टोकापर्यंत ओढून काढतो, तेव्हा पिसाचे सुटलेले धागे पुन्हा एकमेकांत अडकतात. आमच्या घरातले कोणीही अंघोळीला इतका वेळ देत नाही.

मात्र स्वतःच्या डोक्यापर्यंत स्वतःची चोच पोचत नाही. ते पायाने खाजवावे लागते, नाहीतर दुसऱ्या कावळ्यापुढे मान झुकवावी लागते. आमचा कावळा ती मायपुढे झुकवतो.

माय अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तरुणपणी महिन्यातले चार दिवस ती पडवीत बाजूला बसे, कारण तिला ‘कावळा शिवलेला’ असे. खराखुरा कावळा डोक्याला शिवला तर आणखी अनर्थ. तो टाळायला नातलगांकडे त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी धाडत. आणि वडिलांच्या दहाव्याला तो पिंडाला शिवावा म्हणून आम्ही सगळे हात जोडून ताटकळत उभे होतो. वर्गात शब्दार्थ शिकवताना ‘शिवणे’ या एका क्रियापदाचे हे तिन्ही उपयोग मी आजवर कधी एकत्र सांगितलेले नाहीत.

पहिल्यांदा तो खुर्चीच्या पाठीवर उतरला आणि मायच्या पांढऱ्या केसांतून चोच फिरवू लागला, तेव्हा मी टॉवेल घेऊन धावले. ती म्हणाली, “शिवू दे वं त्याले. आता माह्यं काय बाटते!”

तो अजूनही चारच्या सुमारास येतो. केस एकेक करून चोचीत धरतो, उपटत नाही. माय डोळे मिटून बसते. तिने डोक्याला तेल चोपडलेले असेल त्या दिवशी मात्र दोन केस झाले की लगेच जाऊन कठड्यावर चोच पुसून येतो.