एका 'च'ची गोष्ट

सोलापूर–पुणे लोहमार्गावरील जेऊर हे माझे गाव. शाळकरी वयात गल्लीतील निरक्षर माणसांची पत्रे लिहून देण्याचे काम माझ्याकडे असे. शेजारच्या आजींचा मुलगा मुंबईला गिरणीत होता. दिवाळीच्या तोंडावर आजी म्हणाल्या, "लिही, पैसं नगंत, तूच ये." पोस्टकार्डावर जागा थोडी उरली होती. मी 'पैसे नकोत' हे शब्द गाळले आणि 'दिवाळीला तूच ये' एवढेच लिहिले.

मुलगा आला, पण एकटाच. नातवाची वाट पाहणाऱ्या आजी स्टेशनावरून मुकाट्याने परतल्या. 'सासूबाईंनी आम्हाला बोलावलेच नाही,' हा सल सूनबाईंच्या मनात कित्येक वर्षे राहिला.

पुढे भाषाविज्ञानाच्या अभ्यासात या चुकीचा उलगडा झाला. 'च', 'ही' यांना आपण शुद्धशब्दयोगी अव्यये म्हणतो. मूळ शब्दाचे सामान्यरूप न होता ती त्याला जोडली जातात. 'च' एकाची निवड करतो आणि इतरांना वगळतो. हे 'इतर' कोण, ते मात्र संदर्भ ठरवतो. आजींच्या 'तूच'ने पैशांना वगळले होते. माझ्या 'तूच'ने सुनेला आणि नातवाला वगळले.

इंग्रजीतील 'ओन्ली' हे क्रियाविशेषण याच स्वभावाचे. 'आय ओन्ली सॉ सीता' या वाक्याचे 'मी सीतेलाच पाहिले' आणि 'मी सीतेला नुसते पाहिले, तिच्याशी बोललो नाही' असे दोन्ही अर्थ संभवतात. बोलताना आघातामुळे निवाडा होतो. लेखनात तो आधार नसतो. मराठीतील 'च' शब्दाला चिकटत असल्याने भर कोणत्या शब्दावर आहे, हे लेखनातही कळते. कोणाला वगळले, हा प्रश्न मात्र दोन्ही भाषांत उरतोच.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, वाक्यात 'च' आढळला की तो कोणत्या शब्दाला जोडला आहे, एवढे पाहून थांबू नका. त्याने कोणाला दाराबाहेर ठेवले, तेही आधीच्या-नंतरच्या वाक्यांत शोधा.

गाळलेल्या त्या शब्दांची कबुली आजींजवळ देण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. त्यानंतरची त्यांची पत्रे मात्र मी शब्दशः लिहिली. जागा संपली तर दुसरे कार्ड घेतले.