साबुदाण्याची उसळ आणि कुरोड्यांचा चीक

अमरावती-अकोल्याकडे साबुदाण्याची खिचडी नसते, उसळ असते. खिचडी म्हटली की ती तुरीच्या डाळीची. अंबादेवीच्या नवरात्रात नऊ दिवस धरणाऱ्या बायका, श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघालेले कावडधारी, चतुर्थी-एकादशीवाले आजीआजोबा, सगळ्यांना उसळच. शेंगदाण्याचं कूट, आलू, हिरवी मिरची, जिरं, वरून लिंबू आणि ज्या घरी चालतो तिथे सांभार, म्हणजे कोथिंबीर.

आमच्या लहानपणी साबुदाणा इतवारा बाजारातून रद्दीच्या पुडीत, दोरा गुंडाळून यायचा. तूर, ज्वारी, कपाशी डोळ्यांसमोर वाढायची. साबुदाण्याचं शेत मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं. झाडाला लागतो, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं. आता पाकीट येतं आणि त्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं : टॅपिओका सागो.

यातला सागो म्हणजे मलाय लोकांचा ‘सागू’, आपल्या साबुदाण्यातला साबूही तोच. तिकडे ताडामाडासारख्या एका झाडाच्या खोडातून पीठ काढतात. तमिळमध्ये याच दाण्यांना जव्वरिसी म्हणतात, म्हणजे जावाचा तांदूळ. दुसऱ्या महायुद्धात तिकडचा माल यायचा थांबला आणि १९४३च्या सुमारास तमिळनाडूत सेलमकडे कसाव्याच्या कंदापासून दाणे करायला सुरुवात झाली. १९८१मध्ये तिथल्या उत्पादकांची ‘सागोसर्व्ह’ ही सहकारी संस्थाही उभी राहिली. आपल्या उसळीत पडतो तो हा कंदाचा दाणा. नाव तेवढं झाडाचं राहिलं.

कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगिजांबरोबर इकडे आलेला. (शेंगदाणा, आलू, मिरचीही अमेरिका खंडांतलीच. आपल्या उपवासाने इतक्या लांबच्या पिकांना इतकं आपलं केलं, याचा मला फार अभिमान वाटतो.) टॅपिओका हा शब्द ब्राझीलच्या तुपी लोकांचा. कडू कसाव्यात विष असतं, म्हणून तो किसून घट्ट पिळायचा. निघालेलं पाणी तसंच ठेवलं की तळाशी पांढरा साका बसतो. पिळून खाली बसलेला, हाच त्या शब्दाचा अर्थ.

हा अर्थ कळला आणि अकोल्याच्या आजोळचा उन्हाळा आठवला. कुरोड्यांसाठी गहू तीन दिवस भिजत असायचे. आजी रोज पाणी बदलायची. चौथ्या दिवशी मामी ते वाटायच्या, फडक्यातून पिळायच्या, चोथा वेगळा काढायच्या आणि पांढरं पाणी मोठ्या गंजात रात्रभर झाकून ठेवायच्या. आम्ही झाकण उचललं की आजी ओरडायची, “त्याले हात नोको लावू, खाली बसू दे!” सकाळी वरचं निवळ पाणी हलक्या हाताने ओतलं की तळाशी चीक. त्याला बोट लावलं तर घट्ट, उचलला तर ओघळणारा. ब्राझीलच्या जंगलातल्या बायका आणि अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या मामी, दोघींच्या हातचं काम एकच. तुपी लोकांनी त्या कामाचं नावच पदार्थाला दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. सागूने झाड सांगितलं, जव्वरिसीने बेट सांगितलं; टॅपिओकाने पिळणाऱ्या हातांची मेहनत सांगितली.

आता पंचेचाळीस अंशांचं ऊन तेच आहे, पण फ्लॅटला गच्ची सामायिक आणि घरात चार दिवस गव्हाचा आंबूस वास कुणाला चालत नाही. टॅपिओकाचे काळे गोळे तैवानच्या बोबा चहातून जगभर पोचले, आमच्या भाच्यांना ते ठाऊक आहेत. चीक म्हणजे काय, ते मात्र समजावून सांगावं लागतं. बचत गटांच्या कुरोड्या बारा महिने मिळतात, चांगल्या असतात, त्या बायकांच्या हाती पैसाही येतो. मी त्याच घेते. पण कुरोड्या घालायच्या सकाळी शिजत्या चिकाची पहिली वाटी, मीठ-हिंग घातलेली, वर कच्चं तेल सोडलेली, आधी पोरांच्या हातात पडायची. ती खायची तर गहू घरीच भिजवावे लागतात.